रात्री चार वेळा उठतोय. ऑपरेशनच करावं लागेल का?

लालपरी_३३

वय ६७, मुक्काम तासगाव. एसटीत ३३ वर्षं स्टिअरिंग धरलं, शेवटी शेवटी स्वारगेटची गाडी होती. कराड सोडलं की साताऱ्याशिवाय उतरायचं नाही, लघवी दाबून ठेवायची सवयच लागलेली. आता तिचाच हिशोब चुकता होतोय असं वाटतं.

दीड वर्षापासून धार बारीक झालीय. सुरू व्हायला वेळ लागतो, उठलो की दोन थेंब पायजम्यात. इथल्या डॉक्टरांनी धार मोकळी करायची गोळी, टॅम्सुलोसिन ०.४, दिली, दोन महिने झाले. धार बरीच सुधारली, खोटं कशाला बोलू. पण रात्रीचं काही केल्या कमी होत नाही. १० ला पडलो की १२, २, पावणेचार, आणि ५ ला उठतोच. मंडळींची झोप मोडते ती वेगळीच.

सोनोग्राफीत प्रोस्टेट (लघवीच्या नळीभोवतीची ग्रंथी) ४८ ग्रॅम, ग्रेड २, लघवीनंतर ७० मिली शिल्लक. रक्तात प्रोस्टेटची तपासणी पीएसए २.१, किडनीची क्रिएटिनिन १, शुगर नाही. बीपीची ॲम्लोडिपिन सात वर्षं चालू आहे. परवा पोरानं दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं, तिथं कागद बघून थेट ऑपरेशनची तारीखच काढली. पोटाला हातसुद्धा लावला नाही. कुणी यातून गेलंय का?

बागायतदार_मणेराजुरी

काका, पानफुटीची दोन पानं रोज उपाशीपोटी चावून खा. माझ्या चुलत्याचा खडा पडला.

खेड्यातला_डॉक्टर

मणेराजुरीकर, चुलत्यांचा खडा पडला याचा आनंद आहे, ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक पडतातच, पान खा नाहीतर खाऊ नका. पण काकांना खडा नाही, प्रोस्टेटचा त्रास आहे. पानफुटीचा इथं काय संबंध?

पाव्हणं, मी वाळवा तालुक्यात २६ वर्षं प्रॅक्टिस करतोय, युरोसर्जन नाही. पण तुमच्यासारखी माणसं आधी आमच्याच बाकावर येऊन बसतात. लघवी दाबून ठेवल्यानं प्रोस्टेट वाढत नाही, तेव्हा एसटीला दोष देऊ नका. ती वयानं वाढते.

आणि तो ४८ चा आकडा जरा बाजूला ठेवा. ३० ग्रॅमवाल्याची लघवी तुंबलेली मी बघितलीय, आणि ९० ग्रॅमवाला द्राक्षबागेत निवांत औषध मारत हिंडतो. ग्रंथी केवढी आहे यापेक्षा नळीवर किती दाबते, याला महत्त्व. सोनोग्राफीतली ग्रेड म्हणजे नुसता आकार. ती कॅन्सरची पायरी समजून रडत आलेले लोक मला दर महिन्याला भेटतात.

ऑपरेशन खरंच कधी लागतं? लघवी पुन्हापुन्हा तुंबली, ग्रंथीतून सारखं रक्त जायला लागलं, मूत्राशयात खडा झाला, जंतुसंसर्ग पाठ सोडेना किंवा मागच्या दाबानं किडनी फुगली, तर. नाहीतर गोळ्या घेऊनही माणूस त्रासून गेला असेल, तर. यातलं पहिलं काहीच तुमच्या कागदावर दिसत नाही. त्रासून मात्र गेलाय, पण कशानं? धार सुधारली, रात्र नाही. इथंच मला शंका येते.

एक काम करा. अर्धा लिटरचं प्लास्टिकचं माप घ्या आणि तीन दिवस प्रत्येक लघवी मोजून वहीत वेळेसकट लिहा. पाणी, चहा, ताक सगळं लिहा. झोपण्याआधीची लघवी दिवसाच्या खात्यात, सकाळी उठल्यावरची पहिली मात्र रात्रीच्या. ती रात्रीच तयार झालेली असते. प्रोस्टेटमुळं उठत असाल तर दर खेपेला थोडी थोडी होईल. दर खेपेला पोटभर होत असेल तर मूत्राशय आपलं काम नीट करतंय, लघवीच जास्त बनतेय. मग प्रोस्टेट खरवडून काय उपयोग?

विश्रामबाग_सई

काका, एक सांगते. माझ्या बाबांना असाच त्रास होता, त्यात सर्दी झाली म्हणून त्यांनी मेडिकलमधून गोळी आणली. रात्री लघवी पूर्ण बंद. दीड वाजता मिरजेला नेलं, नळी घातल्यावर ९०० मिली निघाली. बाबा म्हणाले, बाळंतीण सुटावी तसं वाटलं. पण नळी असतानाच कुणीतरी पीएसए काढला, तो आला १४. आम्ही सगळे चार दिवस जेवलो नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सहा आठवडे थांबून परत काढला, ३.२!

खेड्यातला_डॉक्टर

सईताई, अगदी बरोबर. नळी, तुंबलेली लघवी, जंतुसंसर्ग, यातलं काहीही असताना पीएसए वाढतोच, तो धरायचा नाही. आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं, त्यानं मूत्राशय सुस्तावतं. काका, हे मेडिकलवाल्याला सांगून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिन चालू असल्याचं आधी सांगा. तिच्यानं बुबुळ ढिलं पडतं, माहीत नसेल तर त्यांची ऐनवेळी पंचाईत होते. आणि अंथरुणातून झटकन उठू नका, चक्कर येते.

लालपरी_३३

डॉक्टरसाहेब, वही झाली. मंडळी म्हणते, सर्व्हिसमध्ये डिझेलचा हिशोबसुद्धा एवढा नीट ठेवला नव्हता. कालचा दिवस लिहितो, बाकीचे दोन असेच आहेत.

रात्री १२ ला ३२०, २ ला २९०, पावणेचारला २६०, सकाळी ५ ला २८०. एकूण ११५०. दिवसभरात सात वेळा मिळून १२००.

पाणी रात्री जेवणानंतर दोन तांबे पितो. किडनी साफ राहते असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. संध्याकाळी पावलं सुजतात, मोज्याचा वळ उठतो. ते वयामुळं असंल म्हणून बोललो नव्हतो.

खेड्यातला_डॉक्टर

चोवीस तासांत २३५०, त्यातली जवळजवळ निम्मी रात्री! तुमच्या वयाला रात्रीचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला तर तो जास्तच समजतात. आणि दर खेपेला पावशेराच्या वर होतेय. ही प्रोस्टेटची रात्र नव्हे.

दोन तांबे आधी बंद करा. पाणी दिवसा प्या, संध्याकाळी सहानंतर हात आखडता. पायाची सूज ॲम्लोडिपिननं येऊ शकते. दिवसभर पायात साठलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि किडनी ते बाहेर टाकते. दुपारनंतर तासभर पाय उशीवर ठेवून पडा. गोळी मनानं बंद करू नका, बीपीच्या डॉक्टरांना वही दाखवून बदलता येईल का ते विचारा. सूज आहे म्हटल्यावर ते हृदयही तपासतील, तपासू द्या.

मंडळींना एक विचारा, तुम्ही घोरता का? घोरताना मधेच श्वास अडकतो का? तसं असेल तर त्यानंही रात्रीची लघवी वाढते. हे पुष्कळांना पटत नाही, पण खरं आहे.

एवढं करून त्रास राहिलाच, तर युरोसर्जनकडं जा आणि आधी युरोफ्लोमेट्री करून घ्या. यंत्राच्या भांड्यात लघवी करायची, बस्स. किमान १५० मिली तरी व्हायला हवी. सेकंदाला १५ मिलीच्या वर धार असेल तर बहुधा अडथळा नाही, १० च्या खाली असेल तर संशय घ्यायचा. बोटानं तपासणी करतील, लाजू नका.

लालपरी_३३

तांबे बंद करून सहा दिवस झाले. काल दोनदाच उठलो. सोमवारी बीपीवाल्या डॉक्टरांकडं वही घेऊन जातोय, ऑपरेशनची तारीख पोराला सांगून रद्द केली.

घोरण्याचं विचारलं तर मंडळीनं तोंडानं उत्तरच दिलं नाही, मोबाईल पुढं केला. रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं की वो. ऐकलं. दुसऱ्या गिअरवर खंबाटकी चढणारी गाडी, मधेच बंद पडते, मग एकदम सेल्फ मारल्यासारखी सुरू होते. तेही डॉक्टरांना ऐकवतो.