बेने इस्राएल समाज "लुप्त होतोय" असं लिहू का? (एमए डिसर्टेशन, नागपूर)

वर्धारोडची
नमस्कार, मी नागपूरला एमए सोशिओलॉजी करून राहिले, डिसर्टेशनचा विषय महाराष्ट्रातल्या ज्यू लोकांची लोकसंख्या, मुख्यतः बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. १९५१ च्या जनगणनेत देशभरात ज्यू साधारण २६ हजार आणि २०११ ला फक्त ४,६५०, त्यातले निम्म्याहून जास्त आपल्या राज्यात. गाइड म्हणतात "लुप्त होत चाललेला समाज" असं हेडिंग टाक आन् पारशांशी तुलना कर. मला ते पटून नाही राहिलं पण मुद्देसूद सांगताही येत नाहीये. आणि सगळी माणसं मुंबई, ठाणे, पुणे, अलिबागकडे, इथे बसून काय काम होणार?

तक्तेवाला
ताई, इथे बसून बरंच होते. जनगणनेच्या फॉर्मवर सहा धर्मांना कोड असते, बाकीच्यांचं नाव प्रगणकाने पूर्ण लिहायचं, मग ते सगळे "इतर धर्म व पंथ" मध्ये जातात. त्याचं वेगळं परिशिष्ट मिळते, ते उघडा. सरना आणि गोंडी हे आदिवासींचे धर्म, सरना जवळपास ५० लाख, गोंडी १० लाखांवर, आणि त्याच तक्त्यात पारशी ५७ हजार आन् ज्यू ४,६५०. विदर्भात बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपल्या गोंड बांधवांची वेगळ्या कॉलमची मागणी याच तक्त्यावरून सुरू होते. इतक्या छोट्या आकड्यात प्रगणकाने एका इमारतीत काय लिहून घेतलं यानेही फरक पडतो, म्हणून टक्केवारीचे आलेख काढत बसू नका.

पारशांशी तुलना जरूर करा पण उलट्या बाजूने. तिथे उशिरा लग्नं, कमी मुलं, मृत्यू जास्त आणि जन्म कमी, म्हणून तर सरकारने २०१३ ला पारशांची संख्या वाढवायला जियो पारसी योजना आणली. ज्यूंचं कारण मुख्यतः इस्राएलला झालेलं स्थलांतर. तरुण जोडपी गेली म्हणजे त्यांची होणारी मुलंही तिकडेच मोजली जाणार, इथे वयस्कर उरले. दोन्ही आलेख खाली जातात, कारणं मात्र पूर्ण वेगळी.

रायगडची लेक
मी लग्न होऊन नागपूरला आले, माहेर अलिबागचं, आमच्याकडे इस्राएल आळीच आहे. शेजारच्या आजींकडे मलिदा (आमच्याकडचा प्रार्थनेचा विधी) असला की ताटात गोड पोहे, वर खवलेलं खोबरं, बाजूला फळं, आणि एलियाहू हनाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन प्रार्थना. त्यांची नातवंडं इस्राएलमधल्या अश्दोदला, फोनवर आजी मराठीत बोलणार आणि तिकडून अर्धं हिब्रू अर्धं मराठी उत्तर. त्यांना "लुप्त" म्हणणं मला खरंच दुखतं. छळ झाला म्हणून कोणी गेलं नाही हे कृपया ठळक लिहा, १९४८ ला इस्राएल झालं, १९५० ला परतीचा कायदा आला (कुठल्याही ज्यूला तिथे येऊन राहायचा हक्क), मग एक भाऊ गेला की दुसरा, असं घरच्या घरं गेली. तिथेही सोपं नव्हतं, सुरुवातीला काहींनी परत पाठवा म्हणून धरणं धरलं, काही आलेही, आणि १९६२ ला तिथल्या मुख्य रब्बींनी (धर्मगुरूंनी) यांच्या लग्नांत वंशाची चौकशी करायचा आदेश काढला, तो वाद १९६४ ला मिटला. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद ही नावं नकाशात घ्याच. आज भारतीय वंशाचे ज्यू तिकडे ८५ हजारांच्या आसपास धरतात, त्यात कोचीनी (केरळचे), बगदादी (इराककडून आलेले), ईशान्येकडचे असे इतर ज्यू पण आले, तरी मोठा भाग आपलेच.

मोजदाद
वरच्या दोघांशी सहमत, फक्त ८५ हजार आणि ४,६५० एका रेषेत ठेवू नका. एक वंशाचा अंदाज आहे, दुसरा माणसाने स्वतः सांगितलेला धर्म. ज्यू लोकसंख्याशास्त्रात हाच सगळ्यात मोठा झगडा आहे. सर्जिओ देलापेर्गोला हे लोकसंख्याशास्त्रज्ञ "गाभा" लोकसंख्या, म्हणजे स्वतःला ज्यू मानणारे, वेगळी धरतात, त्यांच्या हिशोबाने २०२३ ला जगात १ कोटी ५७ लाख ज्यू, म्हणजे १९३९ चा, नाझींच्या कत्तलीआधीचा आकडा अजूनही गाठलेला नाही. घरातले ज्यू नसलेले नातलग धरले की "विस्तारित" आकडा बराच फुगतो. कोण ज्यू हे ज्यू धर्मशास्त्र आईकडून बघतं, इस्राएलचा कायदा १९७० पासून एक आजी किंवा आजोबा ज्यू असला तरी प्रवेश देतो. अमेरिकेची जनगणना धर्म विचारतच नाही, तिथे सर्व्हे करावे लागतात, प्यू या संशोधन संस्थेच्या २०२० च्या सर्व्हेत २७ टक्के प्रौढ ज्यूंनी आपला धर्मच नाही म्हणून सांगितलं. आपल्या फॉर्मवर असा माणूस कुठे दिसेल?

अमेरिकेत आडनावांवरूनही ज्यूंची यादी काढतात. कोकणात ते चालणार नाही, पेणकर, दिवेकर हिंदूही असतात आणि बेने इस्राएलही. मुंबईचं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १७९६ चं, बांधणारे सॅम्युएल दिवेकर कागदोपत्री समाजी हसाजी. जुन्या नोंदींत अशी नावं सुटून जातात, तपासताना जपून.

वर्धारोडची
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, हेडिंग "स्थलांतरित समाज आणि मोजणीचा प्रश्न" असं करते, गाइडना परिशिष्टाचं प्रिंटआउटच दाखवते. ताई, आजींशी फोनवर बोलता येईल का, त्यांची हरकत नसेल तर? भावंडांपैकी कोण कधी गेलं एवढंच विचारायचं आहे, नाव कुठे टाकणार नाही.

रायगडची लेक
विचारून सांगते. शनिवारी फोन करू नका, शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा वार) असतो, रविवारी दुपारनंतर बरं.