सहकाऱ्याची ओढ वाटतेय, नवऱ्याला सांगावं का?

धागाकर्ती:
नाशिकला अंबडमध्ये एका कारखान्यात क्वालिटीत आहे. लग्नाला १४ वर्षं झाली, मुलगी सातवीत. प्रॉडक्शनमधल्या एका सहकाऱ्याकडे गेले चार महिने मन ओढलं जातंय. तोही संसारी. कुणी कुणाला काही म्हटलेलं नाही. बोलणं म्हणजे रिजेक्शन, ऑडिट, मुलांच्या परीक्षा. पण परवा रात्री त्याचा मेसेज आला, 'उद्या ऑडिट आहे, गेज काढून ठेव.' वाचला आणि लगेच पुसून टाकला. त्यात लपवण्यासारखं एक अक्षर नव्हतं! मोबाइल हातात धरून ओट्याशी तशीच उभी राहिले, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या कळलं नाही, डाळ करपली. नवरा चांगला आहे हो. त्याला सांगू, की माझं मी निस्तरू?

गोदाकाठ:
ताई, सांगू नका. मी सांगितलं होतं. माझ्याही बाबतीत काही घडलं नव्हतं. माझं मन मोकळं झालं आणि ओझं त्यांच्या डोक्यावर गेलं. सहा वर्षं झाली, भांडण भाजीच्या मिठावरून सुरू झालं तरी येऊन थांबतं तिथेच. बोलणं कामापुरतं ठेवा, डबा मैत्रिणींत खा, कंपनीच्या बसमध्ये त्याच्याशेजारी बसू नका. पहिले काही महिने जीव कासावीस होतो. मग दिवस जातात तसं कमी होतं.

सातपूरकर:
मी पलीकडच्या बाजूचा. माझ्या बायकोने मला सांगितलं, सोमेश्वरला नदीकाठी बसलो असताना. चहा तसाच गार झाला. आठ दिवस मी हॉलमध्ये झोपलो, धड जेवलो नाही. पण तेव्हाच कळलं की दिवसभराचं सगळं ती त्याला का सांगत होती. मी घरी आलो की मोबाइलमधून मान वर न करता 'हं' म्हणायचो. हेच मला कंपनीच्या गेटवर तिसऱ्याच कुणाकडून कळलं असतं, तर मी सावरलो नसतो. ताई, सांगा.

गोदाकाठ:
दादा, तुम्ही ऐकून घेतलंत. सगळे घेत नाहीत. ज्या घरात आधीच संशय आहे, हात उगारला जातो, तिथे खरं बोलायचा सल्ला बाईच्या अंगाशी येतो.

सातपूरकर:
ते मान्य. अशा घरासाठी मी म्हणत नाही. पण ताईंनी स्वतःच लिहिलंय, नवरा चांगला आहे.

एक वाचक:
परक्या पुरुषाचा विचार करणं हाच व्यभिचार. ४९७ कलम आहे त्यासाठी.

वकिलीण:
मनातल्या ओढीला ते कलम कधीच लागू नव्हतं, शरीरसंबंधालाच होतं, आणि शिक्षा फक्त पुरुषाला होती. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये ते रद्दही केलं. प्रत्यक्ष संबंध आले तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम १३ खाली घटस्फोट मागता येतो. ताईंचं प्रकरण त्याच्या जवळपासही नाही. उगाच घाबरवू नका.

पाथर्डी फाटा:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. तुम्ही क्वालिटीत, तो प्रॉडक्शनमध्ये. म्हणजे त्याच्या मालाच्या प्रत्येक लॉटवर पास की रिजेक्ट ही सही तुमची! होल्डवर ठेवायचा एक लॉट तुम्ही सोडलात, तर शॉप फ्लोअरवर चर्चा व्हायला एक शिफ्ट पुरते. न सोडता कडक वागलात तरी तो अन्यायच. मी २२ वर्षं लाइनवर काढली, हे डोळ्यांनी पाहिलंय. लाइन बदलून मागा. खरं कारण एचआरला सांगायची गरज नाही.

गोदाकाठ:
दर वेळी बाईनेच का हलायचं?

पाथर्डी फाटा:
कारण सही तिची आहे. तिच्या जागी पुरुष असता तरी हेच म्हटलं असतं.

धागाकर्ती:
सहीचं वाचून अंगावर काटा आला. गेल्या महिन्यात त्याचा एक लॉट मी दोनदा मोजला होता, मापात बसावा म्हणून. आज साहेबांकडे दुसरी लाइन मागितली, सोमवारपासून मिळेल.
रात्री नवऱ्याला एवढंच म्हटलं, 'माझं बोलणं तू हल्ली ऐकत नाहीस, मी बाहेर बोलायला लागलेय.' त्याने टीव्ही बंद केला. कुणाशी, ते विचारलं नाही. बारापर्यंत बोलत बसलो. उरलेलं सांगायचं की नाही, अजून ठरत नाही.

सातपूरकर:
त्याने विचारलं तर खोटं बोलू नका, एवढंच.