करिअर ब्रेकमधील अर्धवेळ काम : विश्वासघात कसला?

सरळरेषा : ‘करिअर ब्रेकवर, म्हणजे नोकरी न सोडता घेतलेल्या लांब बिनपगारी रजेवर, असताना दुसरीकडे अर्धवेळ काम करणे हा मूळ कंपनीचा विश्वासघात आहे’, हे विधान काल या चर्चामंचावर झाले आणि त्यावर सहमतीची रीघ लागली, म्हणून सविस्तर लिहितो. ज्या काळात कंपनी पगार देत नाही आणि परतल्यावर तीच जागा मिळेल याची हमीही बहुधा देत नाही, त्या काळातील माझ्या वेळेवर तिने हक्क का सांगावा? युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार ठरलेल्या कामाच्या वेळेबाहेर दुसरी नोकरी करण्यास मालकाला सरसकट मनाई करता येत नाही.

जुनाजाणता : आपण सोयीचा अर्धाच भाग सांगितलात. सुरक्षितता, व्यावसायिक गोपनीयता, हितसंबंधांचा संघर्ष अशा कारणांवरून बंधने घालण्याची मुभा त्याच कलमात आहे. रजा बिनपगारी असली तरी नोकरी संपलेली नसते. व्यवसाय-धंदा करण्यास मनाई करणारे करार रद्दबातल ठरवणारे भारतीय करार कायद्याचे कलम २७ आपण पुढे कराल, म्हणून आधीच सांगतो : नोकरी चालू असतानाचे असे बंधन सामान्यतः त्या कलमाच्या आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटले आहे.

तिसरीपाळी : कायद्याचे राहू द्या, मागे राहिलेल्यांचे काय? आमच्या विभागातील सहकारी घरगुती कारणासाठी ब्रेकवर गेली, तिची जागा भरली गेली नाही आणि तिचे सगळे काम माझ्या गळ्यात पडले. पुढे कळले की ती दुसरीकडे शिकवण्या घेत होती. मी रात्री उशिरापर्यंत तिचे अहवाल लिहीत होते, याचा हिशेब कोण देणार?

सरळरेषा : तो हिशेब जागा रिकामी ठेवून पगार वाचवणाऱ्या व्यवस्थापनाकडे मागा. ती घरी नुसती बसून राहिली असती, तर तुमचे काम कमी झाले असते का?

तिसरीपाळी : नसते झाले. पण ज्याने हा भार उचललेला नाही, त्याने मला तर्क शिकवू नये.

उंबरठा : वडिलांच्या शुश्रूषेसाठी मी ब्रेक घेतला होता. औषधोपचारात बचत संपत आली, तेव्हा ते झोपल्यावर अनुवादाची कामे करू लागले. त्या पैशांवर घर चालले, म्हणूनच मला राजीनामा द्यावा लागला नाही. याला विश्वासघात म्हणणाऱ्यांनी अशा घरात महिनाभर राहून पाहावे.

जुनाजाणता : आपल्या परिस्थितीविषयी आदर आहे, पण अपवादावरून नियम ठरत नाही. प्रतिस्पर्धी कंपनीत काम करणारा मनुष्यही घरच्या अडचणीचेच कारण सांगतो.

सरळरेषा : मग प्रतिस्पर्ध्याकडे जाण्यास मनाई करा, अनुवादाला का? लेखी पूर्वपरवानगी घ्यावी, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. मात्र नकार द्यायचा असेल तर कंपनीनेही कारण लेखी द्यावे.

जुनाजाणता : त्याला माझी हरकत नाही. ‘विश्वासघात’ हा शब्द, परवानगी न घेता काम करणाऱ्यांपुरता, मी मागे घेणार नाही.

तिसरीपाळी : आणि रिकाम्या जागेवर बदली माणूस देण्याची अट त्याच परवानगीपत्रात कोण घालणार, याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.