शब्दचर्चा : कॅथेड्रल, अ‍ॅबे, मिन्स्टर – सगळी नुसती 'मोठी चर्च' का?

इंग्लंड ट्रिपबद्दल लिहितेय, आत्तापर्यंत कॅथेड्रल, अ‍ॅबे, मिन्स्टर सगळ्यांना सरसकट 'मोठं चर्च' लिहून मोकळी झाले होते, पण बहिणीने कच्चा मजकूर वाचला आणि म्हणाली मग वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे एवढं अवाढव्य असून कॅथेड्रल का नाही? आता अडकले. नेमके मराठी शब्द आहेत का कुणाकडे?

– ताई, आकाराचा काही संबंध नाही हो. लॅटिनमधे कथेड्रा म्हणजे खुर्ची, बिशपचं (एका प्रांतातल्या चर्चच्या प्रमुखाचं) आसन. आपण शंकराचार्यांची गादी म्हणतो ना, तसं बिशपची गादी ज्या देवळात ते कॅथेड्रल, मग ते केवढं का असेना. मुंबईतच बघा, फोर्टातलं सेंट थॉमस १७१८ च्या नाताळात उघडलं तेव्हा साधं चर्च होतं, १८३७ मधे मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला आणि तीच इमारत कॅथेड्रल झाली. आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चचं टोक चांगलं १९८ फूट उंच, तरी ते कॅथेड्रल नाहीच.

– कँटरबरीला ही गादी खरोखर बघायला मिळते. दगडी आहे. सेंट ऑगस्टीनची खुर्ची म्हणतात, पण तो धर्मप्रसारक इंग्लंडला आला ५९७ ला आणि खुर्ची तेराव्या शतकातली, म्हणजे बाबा तिच्यावर कधी बसलाच नाही 😄 दगड पर्बेक मार्बल. मार्बल नुसतं नावाला, खरा चुनखडक, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या शंखांनी खच्चून भरलेला, घासला की चकाकतो म्हणून मार्बल म्हणायचं. सॉल्सबरी कॅथेड्रलचे खांब याच दगडाचे, वरच्या १२३ मीटर शिखराच्या भाराने वाकलेत, खालून उभं राहून वर बघितलं की बाक स्पष्ट दिसतो आणि पाय आपोआप बाजूला सरकतात.

– अ‍ॅबे = मठ, सरळ. वेस्टमिन्स्टरचा मठ राजा आठव्या हेन्रीने १५४० मधे बंद केला, त्यानंतर दहाएक वर्षं तिथे बिशप होता म्हणजे तेवढ्यापुरतं ते कॅथेड्रलसुद्धा होतं, मग १५६० मधे पहिल्या एलिझाबेथ राणीने ते थेट राणीच्या अखत्यारीत घेतलं, त्यामुळे आजही कुठल्या बिशपची सत्ता तिथे चालत नाही. मठ गेला, नाव राहिलं. आणि लेखात 'वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल' लिहू नका, ते वेगळंच, पट्ट्यापट्ट्यांच्या विटांचं, १९०३ मधे उघडलेलं, कॅथलिकांचं.

– मिन्स्टर पण मॉनेस्टरीचंच, म्हणजे मठाचंच भावंड. पण यॉर्क मिन्स्टर कॅथेड्रल आहे, तेव्हा तिथे नाव तसंच राहू द्या.

– काहीजण नेव्हला (लोक बसतात तो चर्चचा मधला लांब भाग) सभामंडप आणि पुढच्या वेदीकडच्या भागाला गाभारा लिहितात, त्यातलं सभामंडप चालेल, गाभारा मला खटकतो, कारण प्रभुभोजनाला लोक उठून पार वेदीच्या कठड्यापर्यंत जातात, गाभाऱ्यात आपल्याला कोण सोडतं? बाकी नेव्ह लॅटिन नाविस वरून, म्हणजे जहाज. आपली नाव त्याच कुळातली.

– वसईकडून : आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. आणि मराठी बायबलात इंग्रजी चर्चच्या जागी मंडळी आहे, म्हणजे माणसं. इमारतीला देऊळ आणि लोकांना मंडळी लिहा, वाचणाऱ्याचा गोंधळ होणार नाही.

– चालेल, मग 'बिशपच्या गादीचं देऊळ' एकदा सांगते आणि पुढे कॅथेड्रलच ठेवते. चॅपलचं काय करू पण? केंब्रिजचं किंग्ज कॉलेज चॅपल कित्येक चर्चपेक्षा मोठं आहे, 'छोटं चर्च' लिहिलं तर बहीण परत पकडेल.