नखाने ओरखडा उठणारा जांभळा दगड: लेपिडोलाइट (जांभळं अभ्रक) म्हणू का?

खडेवेडा:
जुन्या संग्रहातला दगड हाती आलाय, चिठ्ठी हरवलेली. गडद हिरव्या दगडात जांभळे पट्टे, त्यात मोहरीएवढे काळे कण. जांभळ्यावर नखाने ओरखडा उठतो, बोटाला मेणचट लागतं. कस (खरखरीत चिनीमातीवर घासून उठणारी रेघ) जवळपास पांढरा. वजन ४६ ग्रॅम, दोऱ्याने पाण्यात टांगून तोललं तर २६.

स्फटिक७:
अ‍ॅमेथिस्ट असणार, दुसरं काय!

भिंगवाली:
अ‍ॅमेथिस्टचं काठिण्य १० पैकी ७, तो काचेवर चरा पाडतो. नखाला कसली दाद देतोय! आणि जांभळ्यात रंगाच्या नादी लागूच नये. कसाचाही फारसा उपयोग नाही. पर्प्युराइटसारखा एखादाच लालसर जांभळी रेघ सोडतो, बाकी बहुतेक पांढरेच.

पाण्यात वजन २० ग्रॅमने घटलं. ४६ भागिले २०, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) २.३. लेपिडोलाइट २.८च्या पुढेमागे, शिवाय तो पेग्मटाइटात, म्हणजे ग्रॅनाइटसारख्या भरड दाण्यांच्या खडकात सापडतो. तुमचा हिरवा दगड मला सर्पेंटाइन वाटतो आणि काळे कण क्रोमाइटचे, म्हणजे क्रोमियमच्या खनिजाचे. तिथे जांभळे म्हणजे मुख्यतः दोघे: स्टिक्टाइट, नाहीतर केमेरेराइट, म्हणजे क्लोराइट नावाच्या खनिजाचा क्रोमियमवाला प्रकार. नख दोघांवरही चालतं, तेव्हा काठिण्याने निकाल लागायचा नाही. स्टिक्टाइट २.२, केमेरेराइट २.६च्या वर. तुम्ही सर्पेंटाइनसकट तोललंत, म्हणून २.३ आलं असावं.

खरा फरक असा की स्टिक्टाइट कार्बोनेट आहे, म्हणून आम्लात बुडबुडे सोडतो; केमेरेराइट सोडत नाही. जांभळ्या भागाची चिमूटभर पूड काचेवर घ्या, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका, चष्मा लावून. पांढरी शीर असेल तर ती खरवडू नका. कॅल्साइट निघालं तर तेच फसफसेल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल.

खडेवेडा:
आधी काहीच नाही. मग पुडीच्या कडेने सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, अगदी सावकाश, आणि पूड विरत गेली. एक पापुद्रा सुईने वाकवला, तो वाकलेलाच राहिला.

भिंगवाली:
मग स्टिक्टाइटच. लेपिडोलाइट अभ्रकाच्या जातीचा, त्याचा पापुद्रा सोडला की परत सरळ होतो. १९१० साली टास्मानियातल्या डंडासच्या नमुन्यांवरून स्टिक्टाइटचं पहिलं वर्णन झालं, तिथेही असाच हिरव्यात जांभळा. पण म्हणून चिठ्ठीवर टास्मानिया लिहू नका हं, दक्षिण आफ्रिकेतही मिळतो. ‘स्टिक्टाइट, सर्पेंटाइनमध्ये, ठिकाण अज्ञात’ एवढंच लिहा.