मदत हवी आहे: आईची सकाळची साखर उतरतच नाहीये

मृण्मयी_एस
आईला डायबेटिस आहे. गोळ्या वेळेवर घेते, पथ्य कडक आहे, गोड पूर्ण बंद, रात्री तर जवळजवळ काहीच खात नाही. तरी सकाळी उपाशीपोटी 190, 205, 188 असंच येतंय. जेवणानंतरची बरी असते. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर रात्रीची गोळी एकाऐवजी दोन दिल्या तर चालेल का? आई रडकुंडीला आली आहे, लवकर सांगा. आणि नुसतं "डॉक्टरांना विचारा" लिहू नका, ते मला कळतं.

निशिगंध
गोळी कोणती? वय किती? एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, किती? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सांगणार काय आणि कोण?

तात्या_मिरजकर
गहू आणि भात बंद करा, दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी द्या. रात्री मेथीदाणे भिजत घालून सकाळी ते पाणी प्यायचं. जांभळाच्या बियांचं चूर्ण अर्धा चमचा. माझी साखर कित्येक वर्षं आटोक्यात आहे ती यावरच.

कृष्णाकाठ
तात्या, भाकरीत तंतू जास्त हे खरं, पण एका मोठ्या भाकरीत दोन फुलक्यांइतकी पिष्टं सहज असतात. "ज्वारी आहे" म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाणारे घरातच पाहिलेत. मोजून खा, एवढं तरी सांगा लोकांना.

दोन_वेळा_बस
दीक्षित पद्धत सुरू करा. दिवसातून दोनदाच जेवण, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. मूळ विचार डॉ. जिचकारांचा. माझं पोट उतरलं, गोळ्या निम्म्यावर आल्या. रात्रीचं जेवण लवकर उरकलं की सकाळची साखर उतरतेच.

मृण्मयी_एस
वय 67. पाकिटावर मेटफॉर्मिन 500 आणि ग्लिमेपिराइड 2 लिहिलंय, सकाळी एक, रात्री एक. एचबीएवनसी 8.1 होतं, मार्चमधलं. आईबाबा साताऱ्याला, मी पुण्यात. सगळं फोनवरच चाललंय. माझा प्रश्न एवढाच आहे की दोन गोळ्या चालतील का.

निशिगंध
नाही. अजिबात देऊ नका.

औषधवाला_नाशिक
निशिगंध बरोबर सांगताहेत. मी फार्मासिस्ट आहे, कारण सांगतो. मेटफॉर्मिन यकृतातून साखर बाहेर पडणं कमी करतं, त्या एकट्याने साखर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि माणूस जेवलाय की नाही हे ती गोळी बघत नाही. "रात्री जवळजवळ काहीच खात नाही" आणि रात्री ग्लिमेपिराइड, हे दोन्ही एकत्र वाचून मला काळजी वाटली. नक्की काय खातात? किती वाजता? मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, कधी केलंय?

आणि दोन_वेळा_बस, तुमचा अनुभव तुमच्यापाशी खरा असेल, पण ही गोळी चालू असलेल्या माणसाला जेवण गाळायला सांगू नका. आधी डोस ठरवायचा, मग जेवण.

दोन_वेळा_बस
मी गोळी घेऊन उपाशी राहा असं कुठे म्हटलं? दोन वेळा पोटभर जेवायचंच आहे. आणि डॉक्टरांना दाखवूनच सुरू करायचं असतं. नीट न वाचता आहारपद्धतीला दोष देणं थांबवा. दर दोन तासांनी खाऊन इन्सुलिन कायम चढं ठेवायचं का?

कृष्णाकाठ
दोन वेळा की दर दोन तासांनी, हा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या. इथे एक आई आजारी आहे.

अमेय_न्यूजर्सी
हा सोमोग्यी परिणाम असू शकतो. रात्री साखर खूप उतरते, मग शरीर हार्मोन सोडून ती वर ढकलते आणि सकाळी जास्त दिसते. सरळ दंडावर चिकटवायचा सेन्सर लावा, 14 दिवसांचा पूर्ण आलेख मिळतो.

निशिगंध
सोमोग्यी वाटतो तेवढा सर्रास आढळत नाही, सेन्सरच्या अभ्यासांतून तेच दिसलं. पहाटे कॉर्टिसॉल वगैरे हार्मोन वाढून साखर चढते, ते जास्त नेहमीचं. पण आत्ता सेन्सरवर पैसे घालायची गरज नाही. घरी ग्लुकोमीटर आहे ना? पहाटे 3 ला एकदा तपासा. 70 च्या खाली आली तर औषध किंवा जेवण चुकतंय, चांगली चढी असेल तर वेगळं कारण. आणि आईंना सरळ विचारा, रात्री घाम, धडधड, भूक असं काही होतं का.

मृण्मयी_एस
आईशी बोलले. भजनी मंडळातल्या एका बाईंच्या सांगण्यावरून तिने रात्रीचं जेवण बंद केलंय. फक्त वाटीभर ताक, तेही साडेसातला. गोळी मात्र घेते. पहाटे दरदरून घाम येऊन जाग येते, हातपाय लटपटतात. मग उशाशी ठेवलेल्या डब्यातले गूळ-शेंगदाणे खाते आणि झोपते. मला सांगितलं नाही, कारण "तुला वाटेल मी चोरून गोड खाते." कालनिर्णयच्या पानामागे दुधाच्या हिशोबाशेजारी ती रोजची साखर लिहिते, त्यात गुळाची नोंद नाही. फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

औषधवाला_नाशिक
पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, आजच दवाखान्यात फोन करून हे असंच्या असं सांगा. ही गोळी असताना साखर पुन्हा-पुन्हा उतरू शकते, झोपेत शुद्ध जाण्याचा धोका असतो. आज रात्री त्यांना नीट जेवू दे, गोळीचं काय करायचं ते डॉक्टरच सांगतील.

परत घाम-थरथर झाली तर शेंगदाणे नकोत, त्यातल्या तेलामुळे साखर सावकाश चढते. चहाचे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात. 15 मिनिटांनी परत तपासायचं, 70 वर आली की पोळी किंवा बिस्किटं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ 108 ला फोन.

तात्या_मिरजकर
ताई, आईंना रागावू नका. आमच्या पिढीला गोड खाल्लं हे सांगायचीच भीती वाटते. मेथीचं पाणीही सध्या राहू दे, आधी हे निस्तरा.

मीनल_ठाणे
अवांतर: मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 तपासून घ्या, ते कमी होतं. माझ्या सासूबाईंचे पाय बधिर व्हायचे, त्यात याचाही भाग निघाला.

मृण्मयी_एस
डॉक्टर फोनवर भेटले. त्यांनी रात्रीचं ग्लिमेपिराइड लगेच बंद केलं, नुसतं मेटफॉर्मिन ठेवलं, आणि रात्री भाकरी-भाजी-वरण घ्यायचंच असं बजावलं. त्याच रात्री बाबांनी 3 चा गजर लावून तपासलं तर 58. सकाळच्याच गोळीचा परिणाम असणार, असं डॉक्टर म्हणाले. आता तीही निम्मी केलीय. क्रिएटिनिन आणि बी-12 दोन्ही उद्या.

निशिगंध
58! बरं झालं तपासलंत. काही रात्री तरी 3 चं तपासणं चालू ठेवा. सकाळचा आकडा थोडा चढा दिसला तर घाबरू नका. या वयात इतर आजार असतील तर डॉक्टर एचबीएवनसी 7.5 ते 8 पर्यंतही चालवून घेतात, साखर उतरणं जास्त घातक. जेवणानंतर बाबांबरोबर अंगणात दहा-पंधरा मिनिटं चालल्या तरी फरक दिसेल.

अमेय_न्यूजर्सी
साखर अशी धोकादायक न उतरवणारी दुसरी औषधंही आहेत. सिटाग्लिप्टिनचं पेटंट 2022 मध्ये संपलं, भारतात आता स्वस्त मिळतं. भेटीत विचारून बघा.

मृण्मयी_एस
विचारते. आज सकाळी 146. आई विचारतेय, एकादशीला काय करायचं? साबुदाणा चालणार नाही हे माहीत आहे, पण उपास तिला सोडायचा नाहीये.

कृष्णाकाठ
भगर किंवा राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही, आणि नेहमीच्या जेवणाच्याच वेळा. भगरही वाटीनं मोजूनच. निर्जळी मात्र नको, आणि त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.