पांझरा पूर्वेला, तापी पश्चिमेला, असं का?

पांझराकाठ (धुळे): धुळ्यात मोठ्या पुलावर उभं राहिलं की पांझरेचं पाणी पूर्वेकडे जाताना दिसतं. समुद्र तर पश्चिमेला! तापी मात्र बरोबर पश्चिमेला जाते. एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हा कशा? पोराला शाळेत विचारलंय, मलाच सांगता येईना.

भुसावळवाला: उतार जिकडं, पाणी तिकडं. संपला विषय.

बोअरवाले काका (चोपडा): भाऊ, तुम्हना प्रश्न भारी शे. आणि भुसावळकर, विषय संपला कुठं? उतार असा का झाला ते सांगा ना.

आपलं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. सह्याद्री पश्चिमेच्या कडेला उंच, म्हणून गोदावरी, कृष्णा समुद्राकडे पाठ करून निघतात. पांझरा पिंपळनेरकडून निघते, गिरणा कळवणकडून. दोघी त्याच उतारानं पूर्वेला येतात. पण तापीचं निराळं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीला लांबच लांब भेगा पडून दक्षिणेची बाजू खचली, त्या खचलेल्या पट्ट्यातून ती चालते. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर, थेट सुरतेजवळ अरबी समुद्रात. नर्मदेचीही तीच गत. त्यामुळे पांझरा धुळ्याच्या पुढे उत्तरेला वळून मुडावदला तापीत पडते आणि तेच पाणी पुन्हा पश्चिमेला निघतं.

मी बोअर मारतो, मला हे पुस्तकाआधी गाडीनं शिकवलं. साक्री-धुळ्याकडे माती-मुरूम संपला की लगेच काळा पाषाण, बिट (खडक फोडणारं टोक) नुसतं कोकलतं. यावल-रावेरला पिवळी माती, रेती, गोटे, परत माती. केसिंग (भोक ढासळू नये म्हणून घालायचा पाईप) घालता घालता मालकाचा जीव जातो, खडकाचा पत्ता नाही. ही सगळी खचलेल्या भागात नद्यांनी ओतलेली भर. केळी तिच्यावरच उभी आहे. (खाली पाणी किती उपसलंय, तो विषय काढू नका, रात्र पुरायची नाही.) आणि अडावदजवळच्या उनपदेवचा गरम पाण्याचा झरा? तो याच भेगांच्या पट्ट्यात.

वाघूरकर: मग आमची वाघूर नकाशात खालून वर कशी चढते?

बोअरवाले काका (चोपडा): अहो, नकाशात उत्तर वर छापतात, चढ नाही! अजिंठ्याचा डोंगर उंच, तापी खाली, म्हणून वाघूर उत्तरेला. नकाशा उलटा धरून बघा, उतरताना दिसेल.

पांझराकाठ (धुळे): समजलं काका. पण पांझरा धुळ्याच्या पुढे जाऊनच का वळते? तापी तर आधीपासूनच उत्तरेला आहे.

बोअरवाले काका (चोपडा): साक्री रोडनं जाताना भिंतीसारख्या लांबच लांब टेकड्या दिसतात ना? जमिनीच्या भेगांत लाव्हा गोठून त्या झाल्या. आजूबाजूचा दगड झिजला, त्या उरल्या. बहुतेक पूर्व-पश्चिम आहेत, म्हणून नदीही त्यांच्या कडेकडेनं पूर्वेला सरकत राहते. उत्तरेकडची वाट मोकळी मिळाली की मग तापीकडे. बुराई नदीचंही बरंचसं असंच. पोराला एकदा गाडीवर बसवून साक्रीपर्यंत न्या, टेकड्या रस्त्यावरूनच दिसतील.